सेमिनरी हिल्सवरील निळे फूल

नागपूरच्या पश्चिम भागात, फुटाळा तलावाच्या बाजूला, सेमिनरी हिल्स ही बेसाल्ट खडकाची टेकडी आहे. उन्हाळ्यात तिची मुरमाड जमीन तापून निघते. परंतु चातुर्मास लागला की सागाच्या झाडांखाली तरोटा, केना, कुर्डू, आघाडा दाटून येतात. पावसाळ्यात पावलोपावली वनस्पतिकायिक व सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, म्हणूनच आपले साधू-साध्वी या काळात विहार थांबवितात. श्रावकाला तसे बंधन नाही. तरी चार हात जमीन पाहून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती येथे त्यालाही उपयोगी पडते. तसे चालणाऱ्यालाच मुरमात पसरलेले, एक सेंटिमीटरहूनही लहान असे निळे फूल दिसते. सकाळी ते उमलते आणि दुपारनंतर मिटते.

या फुलाचे नाव विचारले तर कोणी विष्णुक्रांता म्हणतो, कोणी शंखपुष्पी. ही दोन्ही नावे एकाहून अधिक वनस्पतींना चिकटलेली आहेत. गोकर्णाच्या वेलीलाही काही प्रांतांत विष्णुक्रांता म्हणतात आणि काही ठिकाणी शंखपुष्पीही. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशातील शंखपुष्पी मात्र कॉन्व्हॉल्व्ह्युलस कुळातील, पांढऱ्या वा फिकट गुलाबी फुलांची आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलांना शंखपुष्पी देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. आपल्यापैकी काही कुटुंबांत जडीबुटीचा व्यापारही चालतो. तेव्हा नावातील घोटाळा हा केवळ अभ्यासकांचा प्रश्न राहत नाही.

सुदैवाने ही ओळख पटविण्यासाठी फूल तोडावे लागत नाही. मोबाइलमधील छायाचित्रे बहुधा पुरेशी होतात. मात्र नुसत्या फुलाचे एक सुंदर चित्र उपयोगाचे नाही. पहिले चित्र संपूर्ण झाडाचे, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून घ्यावे. त्याने आकार कळतो आणि झाड आधाराला वेढे घालते की जमिनीवर पसरते, हेही दिसते. दुसरे पानांचे, वरून आणि खालून. खोडावरील व पानांवरील रेशमी लव त्यात यावी. तिसरे फुलाचे, समोरून आणि मागून, शक्य तितक्या जवळून. त्यासोबत तारीख, वेळ आणि जागा नोंदवावी. उन्हात कॅमेरा निळ्या रंगाला जांभळी छटा देतो, म्हणून डोळ्यांना दिसलेला रंगही लिहून ठेवावा.

आता उलगडा होतो. गोकर्ण वेढे घालत वर चढते आणि तिचे फूल वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचे असते. आपले झाड जमिनीवरच पसरते. औषधकोशातील शंखपुष्पीच्या फुलात मध्यभागी एकच परागवाहिनी असते. आपल्या फुलात दोन असून प्रत्येकीला पुन्हा दोन फाटे फुटतात. म्हणजे हे इव्हॉल्व्ह्युलस ॲल्सिनॉइडिस. इव्हॉल्व्ह्युलस या लॅटिन नावाचा आशयच वेढे न घालणारे असा आहे.

थिओडोर कुक यांचा 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झालेला वनस्पतिग्रंथ मुंबई इलाख्यापुरता होता आणि नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होते. आपल्या जिल्ह्यासाठी उगेमुगे यांचा 1986 चा ग्रंथ पाहावा.

बँकेत धनादेशावरील सही नमुना स्वाक्षरीशी ताडून पाहिल्याशिवाय रक्कम देत नाहीत. वनस्पतीचेही तसेच आहे. तिचा प्रमाण नमुना वनस्पतिसंग्रहालयात वाळवून जपलेला असतो. छायाचित्र ही केवळ सादर केलेली सही होय. मोबाइलने सुचविलेले नाव जाणकारांकडून तपासून घ्यावे आणि छायाचित्राच्या भरवशावर काढा मात्र कधीही करू नये. ते काम वैद्यांचे.

वाचकहो, या चातुर्मासात मुलांना सकाळी टेकडीवर अवश्य न्यावे. झाड जागच्या जागी राहू द्यावे आणि त्याचे नाव घरी आणावे. एकेंद्रिय जीवाविषयीची दया मुलांना अशाने पुस्तकाबाहेरही शिकता येईल.