तीन मुठी माती

जनाज्याच्या नमाजेला अजान नसते. हे आमच्या आळीतल्या चाचांनीच मला सांगितलं होतं. "बेटा, बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान देतात. तिची नमाज माणूस गेल्यावर होते," असं ते म्हणत.

चाचा गेले, तेव्हा त्यांची ती नमाज मी कबरस्तानाच्या फाटकाशी उभा राहून पाहिली. रुकूचं वाकणं नाही, सजद्याचं कपाळ टेकणं नाही, सगळी उभ्यानंच. चार तकबिरी, म्हणजे चार वेळा 'अल्लाहु अकबर', झाल्या आणि संपली. अंगावर तीन पांढऱ्या कापडांचं कफन. श्रीमंताला मिळतं तेवढंच. तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केकडे, आपल्याकडून पश्चिमेला. मग प्रत्येकानं तीन मुठी माती घातली. मीही घातली.

मोहरमात अलाव्याच्या खड्ड्यासाठी कुदळ पडली की चाचांच्या घरातून आमच्याकडे चोंगे आणि मलिदा यायचा. ताबुताच्या वाटेवर आमची आई घागरीनं पाणी घालायची. इ.स. 680 मध्ये, हिजरी 61 च्या मोहरमाच्या दहाव्या दिवशी, पैगंबरांचे नातू हुसैन करबलाच्या रणात तहानलेले मारले गेले. त्या तहानेसाठी आजही सरबत वाटतात. इतक्या जुन्या दुःखाला आमच्या आळीत दर वर्षी जागा होती.

स्वतःच्या दुःखाला मात्र चाचा मर्यादा घालत. त्यांचा तरुण मुलगा गेला तेव्हा ते रडले, पण आक्रोश त्यांनी कुणाला करू दिला नाही. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा त्यांचेही डोळे वाहिले होते, हे ते तेव्हा सांगत होते. त्याच दिवशी ग्रहण लागलं. लोक म्हणाले, सूर्यही शोक करतोय. पैगंबरांनी ते मानलं नाही. कुणाच्या मरणासाठी ग्रहण लागत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एवढ्या दुःखातही खोटा दिलासा न घेणारा हा बाप मला फार मोठा वाटतो.

शोक तीन दिवसांचा. फक्त पत्नीला इद्दत, म्हणजे नवऱ्यामागचा शोकाचा काळ, चार महिने दहा दिवस. चाची आता त्यांच्या खोलीत बसून आहेत आणि माझे तीन दिवस काही संपत नाहीत.

इ.स. 629 मध्ये मुताच्या लढाईत पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर पडले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करा, असं पैगंबरांनी सांगितलं होतं. म्हणून मयतीच्या घरी शेजारपाजारचे जेवण पाठवतात. तुमच्या शेजारी एखाद्या मुस्लिम घरात कुणी गेलं असेल, तर डबा घेऊन जा. जमलं तर कबरस्तानापर्यंतही जा.