थापटणे

युरोपीय मध्ययुगीन शिल्पावरील एका ग्रंथात नावारचा राजा कार्लोस तिसरा याच्या थडग्याचे छायाचित्र पाहिले, त्याला आता बरीच वर्षे झाली. स्पेनमधील पाम्प्लोनाच्या कॅथीड्रलमध्ये हे थडगे आहे. राजा आणि राणी लिओनोर शेजारी शेजारी निजलेली, हात जोडलेले. खाली चौथऱ्याभोवती शोक करणाऱ्यांच्या लहान लहान आकृत्या. जेहान लोम या शिल्पकाराने १४१३ ते १४१९ या काळात हे अलाबास्टरचे काम केले. राजा वारला १४२५ मध्ये. म्हणजे आपण मेल्यावर कसे दिसावे, हे ठरवून राजाने ते डोळ्यांनी पाहूनही घेतले असणार. वाचकाच्या हाती अर्थनिर्णयासाठी काहीच शिल्लक न ठेवणारी अशी संहिता मला तरी साहित्यात आढळलेली नाही.

या थडग्याची आठवण मला दर वेळी तेरला होते. धाराशिव जिल्ह्यातील या गावी, तेरणेच्या काठी, गोरोबाकाकांची समाधी आहे. परंपरेने तिचा शक १२३९, म्हणजे इ.स. १३१७, मानला जातो. काका दिसायला कसे होते हे सांगणारे त्यांच्या काळातले शिल्प नाही. चित्रांतून भेटणारे काका नंतरच्या भाविकांच्या मनातले. त्यांच्या हयातीत देवगिरीवर राज्य करणाऱ्या रामचंद्रदेव यादवाचे तर थडगेही नाही. दहनाच्या संस्कृतीत ते असण्याचे कारण नव्हते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस त्याचा जो उल्लेख येतो, तेवढ्यावर तो मराठी वाचकाच्या स्मरणात टिकून आहे. राजाला ग्रंथात आश्रय मिळाला आणि कुंभाराला दगडाखाली, ही उलटापालट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली.

तेरच्या मातीला चेहऱ्यांचे वावडे आहे असेही नाही. प्राचीन तगर ते हेच. सातवाहनकाळातील भाजक्या मातीच्या मूर्ती, हस्तिदंताची ती प्रसिद्ध बाहुली, असे कितीतरी चेहरे या पांढरीतून निघाले. लामतुरे संग्रहालयात त्या मूर्तींसमोर उभे राहिले की जाणवते, हे चेहरे आहेत, पण त्यांना नावे नाहीत. घडवणाऱ्यांची तर नाहीतच. नदीकडे गेले की नाव आहे आणि चेहरा नाही.

मग काकांचे काय उरते? मोजके अभंग आणि हात. त्यांची सगळी कथा हातापायांची आहे. भजनाच्या तंद्रीत माती तुडवताना पोटचे मूल पायाखाली गेले. पुढे शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले. पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजवण्यासाठी ते पुन्हा फुटले. राजाचे जोडलेले हात दगडात कायमचे स्थिर झाले आहेत. काकांचे हात कथेत तुटतात, उगवतात, पुन्हा कामाला लागतात. थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेव कच्चे मडके असल्याचा निर्वाळाही त्यांनीच दिला. आपल्या परंपरेतला पहिला समीक्षक कुंभार होता, हे आम्हा समीक्षकांना फारसे सोयीचे नाही.

वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आलो की संहितेपलीकडचा लेखक शोधू नये. अभंगातला ‘गोरा’ ही अभंगाच्या रचनेतलीच एक जागा आहे. हे मी आजही सांगतो. पण आईबरोबर चैत्रातल्या यात्रेला तेरला गेलो होतो, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या तिने समाधीवर डोके टेकले आणि बराच वेळ उचलले नाही. मी मागे उभा राहून अभंगांच्या अधिकृत पाठाचा विचार करीत होतो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “तू टेकलंच नाहीस.” मी काहीतरी उत्तर दिले. ते आठवत नाही, यातच त्याचे मोल आले.

आईचा आमच्याकडे एकच फोटो आहे. तोही ती गेल्यावर, खुर्चीत बसवून, मागून आधार देऊन काढलेला. त्या काळी खेड्यांत तसे करीत. मोठ्या आकारात करून तो भिंतीवर लावावा, असे भावाचे म्हणणे होते. मी दोनदा तो पेटीतून काढला आणि दोनदा परत ठेवला. त्या चेहऱ्यात मला ती सापडत नाही. मिटलेले ओठ, कोणीतरी नीट केलेला पदर, मांडीवर एकावर एक ठेवलेले हात. तिचे हात असे कधी नसायचे. पहाटे काठवटीत भाकरी थापताना होणारा आवाज मला अंथरुणातून ऐकू यायचा. त्या आवाजावरून ती रागात आहे की नाही, हेसुद्धा कळायचे.

थापणे आणि थापटणे यांचे नाते कोशात पाहायचे मी मुद्दाम टाळले आहे. फोटो अजून पेटीतच आहे. भावाला काय सांगायचे ते ठरलेले नाही.