मुक्कामाचे अकरा तास

रामनवमीची यात्रा आटोपली की आमच्या पोहरादेवीच्या थांब्यावर माणसांपेक्षा गाठोडीच जास्त दिसतात. तेलंगण, कर्नाटकातून सेवालाल महाराजांच्या समाधीच्या आणि जगदंबेच्या दर्शनाला आलेली मंडळी परतीच्या गाडीची वाट पाहत बसलेली असतात. गाडीला दोन-दोन तास असतात, पण गाठोडे सोडून कोणी उठत नाही. मी जाता-येता सांगतो, "अहो, ते 'नंगारा' संग्रहालय तरी पाहून या. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले त्याचे. आपल्याच बंजारा समाजाचा इतिहास मांडला आहे तिथे." म्हातारी माणसे हसतात आणि विचारतात, "अन् गाडी चुकली तर?"

मला त्यांच्या या प्रश्नाचे हसू येत नाही. याच प्रश्नापायी मी एकदा माझ्या आईला नऊ तास एका खुर्चीवर बसवून ठेवले होते.

माझा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नोकरीला आहे. 2019 च्या डिसेंबरात मी आईला घेऊन त्याच्याकडे निघालो. आईला आम्ही आमच्या बोलीप्रमाणे याडी म्हणायचो. मुंबईहून सिंगापूर आणि तिथे विमान बदलून मेलबर्न, असा प्रवास होता. मधल्या सिंगापूरच्या मुक्कामाचे नऊ तास होते. उतरलो, पुढच्या विमानाचा फलक शोधला आणि त्याच्या समोरच्या खुर्च्या धरल्या. सामान पुढे परस्पर जाणार होते. हातात दोन पिशव्या, एका पिशवीत भाकरी आणि ठेचा.

समोर भिंतीएवढी काच होती. दुपारी बाहेर धो धो पाऊस सुरू झाला. याडी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढा पाऊस पडतोय, पण आवाज येत नाही रे. जरा बाहेर जाऊन बघू या का, इथला पाऊस कसा असतो ते?"

मी म्हणालो, "नको याडी. परका मुलूख, विमान चुकेल."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. मुक्काम पडला की आसपासचा गाव बघून यायचे म्हणे. नुसते बसून राहिले असते तर लदेणी कशी चालली असती?"

तिचे बरोबर होते. आपला बंजारा समाज शेकडो वर्षे बैलांचे तांडे घेऊन धान्याची आणि मिठाची ने-आण करत होता. पुढे इंग्रजी अमलात पक्के रस्ते आणि आगगाडी आली, तेव्हा ती लदेणी थांबली. पुढचा बाजार, पाण्याची जागा, चाऱ्याचा भाव, सारे मुक्कामावरच कळायचे. मी मात्र नऊ तास फलकाकडे पाहत बसलो.

नंतर चौकशी केली तेव्हा कळले, की ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आणि पुढचे तिकीट हाती असलेल्या भारतीय प्रवाशाला सिंगापुरात 96 तासांपर्यंत वेगळ्या व्हिसावाचून बाहेर पडता येते. म्हणजे दार उघडेच होते, मीच ते ढकलून पाहिले नाही. याडी 2021 मध्ये गेली. तिचे आणखी काही मागणे मी मोडले असेल नसेल, पण तो पाऊस मनात राहिला.

मी पंचायत समितीत कृषी विस्ताराचे काम करतो. आयुष्य गेले ते शेतकऱ्याला एकच गोष्ट सांगण्यात : नवे वाण असो, रुंद सरी-वरंब्यावरची सोयाबीन असो, आधी पाव एकरात करून पाहा. बुडाले तर पाव एकर बुडेल, घर बुडणार नाही. जमले तर पुढच्या साली वाढवा. गावोगावच्या बैठकांत हे बोलणारा माणूस स्वतःवर वेळ आली तेव्हा पाव एकरही पेरायला तयार झाला नाही.

2025 च्या जानेवारीत भावाच्या घरी पुन्हा जायचे ठरले. या वेळी सोबत पत्नी होती. तिकीट पाहिले तर सिंगापुरात सकाळी आठला उतरायचे आणि संध्याकाळी सातला पुढे निघायचे. अकरा तास. पत्नी म्हणाली, "अहो, आईंना नाही म्हणालात. मला तरी नाही म्हणू नका."

मग मी वही घेऊन बसलो. पेरणीचे नियोजन करताना पावसाची तारीख धरून मागे मोजत येतो, तसे उलटे गणित मांडले. विमान सातला. तीन तास आधी, म्हणजे चारला, विमानतळावर हजर. यायला एक तास, म्हणजे तीन. आणि एक तास गाठीला. म्हणजे दोन वाजता जिथे असू तिथून उठायचे. सकाळी तपासणी उरकून बाहेर पडायला साडेनऊ, पोहोचायला साडेदहा. अकरा तासांतून हाती उरले साडेतीन. तेवढ्यात एकच ठिकाण पाहायचे, दुसऱ्याचा मोह धरायचा नाही.

ते ठिकाण मी निवडले सिंगापूरचे वनस्पती उद्यान. 1859 मध्ये सुरू झालेली ही बाग 2015 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि आत जायला पैसे पडत नाहीत. विमानतळावरूनच रेल्वे मिळते. एक स्टेशन पुढे जाऊन एक्स्पोला गाडी बदलली आणि थेट 'बोटॅनिक गार्डन्स' नावाच्या स्टेशनावर उतरलो. वाशिमची थंडी अंगावर घेऊन निघालो होतो. तिथे स्वेटर काढून पिशवीत कोंबला.

बागेत सगळ्यांत आधी मला पाहायचे होते रबराचे झाड. कॉलेजात त्याचे लॅटिन नाव पाठ केले होते, पण झाड कधी पाहिले नव्हते. मूळचे ते ब्राझीलचे. 1876 मध्ये हेन्री विकहॅम याने तिथून सुमारे सत्तर हजार बिया लंडनजवळच्या क्यू बागेत आणल्या. रबराचे बी फार दिवस टिकत नाही, त्यामुळे तीन हजारही रोपे उगवली नाहीत. त्यांच्यातली काही रोपे 1877 मध्ये सिंगापूरला आली.

1888 मध्ये हेन्री रिडले नावाचा माणूस या बागेचा प्रमुख झाला. आपल्याकडे डिंकासाठी धावड्याला घाव घालतात, तसे रबराच्या झाडाला लोक कुऱ्हाडीचे घाव घालत आणि झाड खचत असे. रिडलेने सालीला तिरप्या चरा पाडण्याची रीत बसवली. तीच चर पुन्हा पातळ सोलायची, चीक वाटीत गोळा करायचा, झाड वर्षानुवर्षे जगते. पण मलायातले मळेवाले कॉफीत गुंतले होते. हा गृहस्थ भेटेल त्याला रबर लावायचा आग्रह करी, प्रसंगी लोकांच्या खिशात बिया कोंबी असे सांगतात. लोक त्याला 'वेडा रिडले' म्हणू लागले. शेवटी 1896 मध्ये तान चे यान या चिनी वंशाच्या मळेवाल्याने मलाक्काजवळ थोड्या जमिनीवर रबर लावून पाहिले. जमले, तेव्हा मोठी लागवड केली. पुढे कॉफी बसली, मोटारी आल्या, टायरला रबर लागू लागले आणि वेड्याचे बोल खरे ठरले. रिडले शंभर वर्षे जगला.

मी पत्नीला हे सांगत होतो, तर ती म्हणाली, "म्हणजे तुमच्याच खात्यातला माणूस की हो!" मला फार बरे वाटले. झाडाखाली बी दिसते का, म्हणून नजर सारखी खाली जात होती. पण ऑस्ट्रेलियात बी-बियाणे नेण्याचे नियम फार कडक आहेत. हात आवरला.

बागेच्या दुसऱ्या टोकाला तेंबुसू नावाचे एक जुने झाड आहे. बागेच्याही आधीपासून ते तिथे उभे आहे, आणि सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र छापलेले आहे. आमच्याकडे तशी एक नोट सुटी म्हणून आली होती. पत्नीने नोट झाडासमोर धरून एकेक फांदी ताडून पाहिली. जमिनीलगत आडवी गेलेली फांदी दोन्हीकडे सारखी निघाली, तेव्हा तिचे समाधान झाले.

परत फिरलो तेव्हा दीड वाजला होता. अर्ध्या वाटेत आभाळ फुटले. आम्ही एका छपराखाली शिरलो. दोन वाजले, सव्वादोन झाले, पाऊस हटेना. माझ्या पोटात गोळा आला. याडीला म्हटलेले शब्द मलाच ऐकू येऊ लागले : परका मुलूख, विमान चुकेल. पत्नी मात्र छपराबाहेर हात धरून उभी होती. म्हणाली, "आईंना हाच बघायचा होता ना?"

मी कान देऊन ऐकले. रुंद पानांवर टपटपणारा तो पाऊस आपल्या आषाढासारखाच वाजत होता. काचेपलीकडून जे कळले नव्हते ते एवढेच होते.

अडीचला पिशव्या डोक्यावर घेऊन आम्ही निघालो. भिजलो. विमानतळावर पोहोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. गाठीला ठेवलेला एक तास बहुतेक सगळा पावसाने खाल्ला, पण तो ठेवला होता म्हणूनच वाचलो.

वाचकहो, आता आपल्या गावांतूनही आईवडील परदेशी मुलांकडे जाऊ लागले आहेत. मध्ये लांब मुक्काम असेल तर तिकीट काढतानाच विचारा : बाहेर पडता येते का, सामान परस्पर पुढे जाते का. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतात. सिंगापुरात उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनाचा मोफत अर्ज मोबाइलवर भरावा लागतो. पारपत्र, औषधे आणि पुढचे तिकीट अंगाशी ठेवा. सहा तासांहून कमी वेळ असेल तर एकट्याने शहरात जाण्याच्या भानगडीत पडू नका. आणि गाठीचा एक तास कोणत्याही मोहाने मोडू नका.

ती पाच डॉलरची नोट मोडली नाही. याडीच्या तसबिरीच्या चौकटीत खोचून ठेवली आहे.

यंदाच्या यात्रेत थांब्यावर एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. गाडी साडेचारला, वाजले होते दोन. नातू संग्रहालयाकडे बोट दाखवत होता आणि ती मान हलवत होती. मी त्यांना वेळेचा हिशेब बोटांवर मोजून दाखवला. "पावणेचारला इथे या म्हणजे झाले," म्हणालो. तिने एकदा गाठोड्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"जा आजी," मी म्हणालो, "गाठोड्यापाशी मी बसतो."