द्या समजून!

भाव ठणकावून सांगणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती "द्या साहेब समजून" म्हणणाऱ्याची. आमचा प्लंबर नळाला सुताचे दोन वेढे गुंडाळतो, हात पुसतो आणि म्हणतो, "द्या समजून." आता काय समजायचं? पन्नास दिले तर तो तोंड वाकडं करतो, दोनशे दिले तर आमची सौ. करते. बावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले, पण 'समजून' म्हणजे नक्की किती, हे मला बी. कॉम.च्या पुस्तकांतही सापडलं नाही.

हा पेच माझ्यासारख्या कारकुनापुरताच आहे असं मी समजत होतो. परवा आमचा इंजिनिअर भाचा आला. चिरंजीवांसाठी मी नुकताच चौदा हजारांचा मोबाइल घेतला होता. तो उलटसुलट करून भाचा म्हणाला, "मामा, यात पेटंटवाल्यांचेही पैसे भरलेत तुम्ही."

"मी दुकानदाराचे भरले. पावती आहे."

मग त्याने माझी शिकवणी घेतली. फोन कुठल्याही कंपनीचा असो, टॉवरशी त्याला एकाच ठरलेल्या भाषेत बोलावं लागतं. पूर्वी युरोपात देशागणिक पद्धत निराळी. एका देशातला फोन शेजारच्या देशात मुका. म्हणून १९८७ साली कोपनहेगनला तेरा देशांतल्या मंडळींनी करारावर सह्या केल्या आणि जीएसएम ही सामाईक पद्धत धरली. पुढच्याच वर्षी अशी मानकं ठरवायला 'एट्सी' नावाची संस्था निघाली.

इथपर्यंत मला पटलं. आमचा चेकही तसाच. कागद कसा, तारखेचे चौकोन कुठे, हे सगळ्या बँकांना सारखं, म्हणून तर कुठलाही चेक कुठल्याही बँकेत भरता येतो.

"पण मामा, त्या सामाईक भाषेतले शब्द कंपन्यांनी शोधलेत, त्यांची पेटंटं आहेत. ते टाळून फोन करता येतच नाही. मग पेटंटवाल्यानं अडवणूक केली तर? म्हणून त्यानं आधीच वचन द्यायचं, की मी रास्त, वाजवी दरानं आणि भेदभाव न करता परवाना देईन."

"किती दरानं?"

"आकडा नसतो."

म्हणजे द्या समजून! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आकडा नसला की पुढे काय होतं हे सांगायला नको. स्वीडनची एरिक्सन आणि आपली लावा २०१५ पासून दिल्ली उच्च न्यायालयात भांडत होत्या. वाद असा, की टक्केवारी आतल्या चिपच्या किमतीवर लावायची की अख्ख्या फोनच्या? म्हणजे भटजींची दक्षिणा सुपारीवर मोजायची की लग्नाच्या एकूण खर्चावर? मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं फोनची किंमत धरली आणि लावानं २४४ कोटी रुपये द्यावेत असा निकाल दिला. भटजी जिंकले.

"हा अन्याय आहे!" मी म्हणालो. देणाऱ्याची बाजू घ्यायची मला सवय आहे. मी कायम त्याच बाजूला असतो.

रात्री मात्र झोप येईना. मला माझा फॉर्म आठवला. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी आमच्या शाखेत येत. एका खिडकीवर नाव, दुसरीवर सही, तिसरीवर "उद्या या." काठी टेकत तिसऱ्यांदा आलेल्या एका आजोबांना पाहून मी घरी बसून, पट्टीनं रेघा मारून एकपानी फॉर्म तयार केला. एक खिडकी, एक सही, काम खलास. साहेबांनी तो वर पाठवला. सहा महिन्यांनी तोच फॉर्म 'सुधारित नमुना' म्हणून सगळ्या शाखांना आला आणि तो कसा भरावा याचं प्रशिक्षण मलाच देण्यात आलं. चहाबरोबर दोन बिस्किटं मिळाली. तेवढीच माझी रॉयल्टी. नाव कुठंच नव्हतं. त्याचं मी कधी कुणाला बोललो नाही; पण विसरलोही नाही.

आपली युक्ती सगळ्यांनी वापरावी हे शोधणाऱ्यालाही हवंच असतं. फक्त कुणीतरी "हे तुमचं का हो?" असं विचारावं.

रविवारी नळ पुन्हा गळला. "द्या समजून," प्लंबर म्हणाला. मी न कुरकुरता दीडशे दिले. वेढे कुठं आणि किती घालायचे, हे शिकायला त्याचीही वर्षं गेली असतील.

"दीडशे? दोन वेढ्यांचे?" आतून आवाज आला.

"वेढ्यांचे नव्हेत. रॉयल्टी."

सौ. बाहेर आली. हातात पळी.

"मग बावीस वर्षं माझी आमटी ओरपताय, तिचं काय?"

"किती द्यायचे?"

"द्या समजून," ती म्हणाली.