ओझे वाहणारे क्रियापद

इंग्रजी शिकवताना आम्हांला लांबलचक शब्दांची कधी भीती वाटली नाही. त्यांना बहुधा एकच अर्थ असतो. सांगितला की सुटलो. घाम फोडतात ते आखूड शब्द. ‘बेअर’ हे क्रियापद त्यांतलेच. (अस्वल नव्हे. हा विनोद वर्गात दरवर्षी होतो आणि मुले दरवर्षी हसतात.) गाइडात अर्थ ओळीने छापलेले असतात: वाहून नेणे, जन्म देणे, फळ धरणे, सहन करणे, सोसणे. मुले पाठ करतात. पण ओझे, बाळंतपण आणि दुःख एकाच शब्दात कसे मावले, असे कुणी विचारत नाही.

‘आय वॉज बॉर्न’ हे वाक्य पाहा. मराठीत आपण ‘माझा जन्म झाला’ म्हणतो, जणू तो आपोआपच झाला. इंग्रजी वाक्याच्या पोटात मात्र आई आहे. ‘बॉर्न’ हे ‘बेअर’चेच रूप, म्हणजे कुणीतरी मला वाहिले. पुढे जन्माच्या अर्थाचे स्पेलिंग एका ‘ई’पुरते वेगळे झाले आणि खुद्द इंग्रजांनाही ती आई दिसेनाशी झाली.

संस्कृतातला ‘भृ’ धातू, आपला ‘भार’, फारसीतला ‘बार’ हे सारे ‘बेअर’चे सख्खे नातेवाईक. मार्केट यार्डात पडलेले बारदान याच फारसी घरातले. बांधकामावरचा मिस्त्री ‘लोड बेअरिंगची भिंत’ म्हणतो, गॅरेजमधला पोरगा ‘बेअरिंग गेलंय’ म्हणतो, तेव्हा तोही हेच क्रियापद चालवत असतो.

अरबी भाषेचे कूळ वेगळे, तरी तिथेही हीच गंमत आहे. ‘ह-म-ल’ या धातूपासून हमाल झाला. त्याचपासून हमल, म्हणजे गर्भ. आणि त्याचपासून तहम्मुल, म्हणजे सोशिकपणा. सूरह लुकमानमध्ये आईने मूल पोटात वागवल्याचा उल्लेख येतो, तोही याच धातूने. हमाल, गरोदर बाई आणि सोसणारा माणूस: अरबीने तिघांना एका घरात बसवले. आम्हांला हे कळले तेव्हा अम्मा डोळ्यांसमोर आली.

अम्मा सोलापुरात विड्या वळायची. मांडीवर सूप, मान खाली, हजार विड्यांचा हिशेब. संध्याकाळी ते ओझे घेऊन कारखान्यात जायचे. तिथे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. आम्हां पाच भावंडांपैकी धाकटे दोघे पोटात असतानाही हे चालूच होते. पाठ भरून आली की नानी म्हणायची, ‘सबर कर बेटी.’ शेजारणी म्हणायच्या, ‘सोशिक आहे हो बाई.’ दोन भाषांतले हे कौतुक. त्याने सुपातली एक विडीही कमी झाली नाही.

एकदा एका मुलीने विचारले, ‘सर, सहन करणे, सोसणे आणि खपवून घेणे यांत फरक काय?’ गाइडाच्या दृष्टीने काहीच नाही. आमच्या मते बराच. दाढदुखी आपण सहन करतो. ती उद्या थांबणार असते. सोसणे वर्षानुवर्षांचे असते आणि ते बहुतेक बायकांच्या वाट्याला येते. खपवून घेणे हा तर अधिकाराचा शब्द. ‘खपवून घेतले जाणार नाही’ हे साहेब म्हणतो, पुढारी म्हणतो. विडी वळणारी बाई तसे म्हणत नाही. इंग्रजीत ‘टॉलरेट’ आहे. त्याच्याही मुळाशी उचलणेच आहे, पण आज तो वरून खाली पाहणारा शब्द झाला. 1689 च्या इंग्लंडमधल्या टॉलरेशन कायद्याने वेगळ्या पंथाच्या प्रॉटेस्टंटांना मोकळीक दिली आणि कॅथलिकांना वगळले. कुणाला चालवून घ्यायचे, हे चालवून घेणाराच ठरवतो. असले ‘चालवून घेतलेले’ जिणे कसे असते, हे या पानांच्या वाचकांना आम्ही काय सांगावे?

अम्मा रात्री झोपण्याआधी सूरह बकराच्या शेवटच्या आयती म्हणायची. शेवटच्या आयतीत एक विनवणी आहे: आमच्या ताकदीबाहेरचे ओझे आमच्यावर टाकू नकोस. तिथेही तोच ह-म-ल. सबर कर म्हणणाऱ्या नानीलाही ती आयत पाठ होती. पेलणार नाही असे म्हणायची मुभा त्या दुआतच आहे, पण ती मुभा दिवसा, कारखान्याच्या दारात किंवा चुलीपुढे, कुणी अम्माला दिली नाही.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: झेपणे. ‘कॅन्ट बेअर’ म्हणजे ‘झेपत नाही’. यात रडगाणे नाही, बंडही नाही. ओझे आणि खांदा यांचा सरळ हिशेब आहे. अम्माच्या तोंडून हा शब्द आम्ही कधी ऐकला नाही.

हल्ली आम्ही फळ्यावर ‘बेअर’च्या अर्थांत झेपणे वाढवतो. मुली तो वहीत लिहून घेतात. परीक्षेत मात्र गाइडातलाच अर्थ लिहा, असेही बजावतो. पेपर तपासणारे दुसरेच असतात.