कोतमधला पावसाळा

मृगाचा पाऊस सुरू झाला की रत्नागिरीत मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते आणि दोन दिवस भिंतीला टेकून राहिलेला कोयता तांबूस दिसायला लागतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्रावरून येणारी खारी हवा. शाळेत शिकवता शिकवता मी बरीच वर्षं एनसीसीचा ऑफिसर होतो. त्यामुळे या दिवसांत घरच्या काळज्यांत माझी आणखी एक काळजी असायची, ती म्हणजे कोतमधल्या रायफली. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. एनसीसीतून गेलेल्या प्रत्येकाला हा शब्द माहीत असतो.

रत्नागिरीत एनसीसी म्हटलं की लोकांना नौदलाचे पांढरे गणवेश आठवतात, कारण २ महाराष्ट्र नेव्हल युनिट इथंच आहे. पण गणवेश कुठलाही असो, कॅडेट पहिली गोळी मारतो ती पॉइंट टू टूची. मी कॉलेजात कॅडेट झालो तेव्हा एनसीसीची सक्ती उठून थोडीच वर्षं झाली होती. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती लागू झाली आणि १९६८ मध्ये संपली. त्या काळात आमच्या हातात ज्या रायफली आल्या त्यांतली एक मी पुढं ऑफिसर झाल्यावरही सांभाळली. बाहेरून ती थेट थ्री नॉट थ्री दिसायची. तोच लांब लाकडी साज, तीच आखूड नाकाची ली-एनफिल्ड, तेच साडेआठ पौंडांच्या आसपासचं वजन. फरक तोंडाशी डोळा नेला की कळायचा. बॅरलच्या जाड वर्तुळात आणखी एक बारीक वर्तुळ दिसायचं, केसाएवढ्या रेषेनं वेगळं झालेलं. जुन्या बॅरलचं भोक मोठं करून आत पॉइंट टू टूची नवी नळी बसवलेली होती.

ही कल्पना आपल्याकडची नव्हे. ब्रिटिश फौजेनं पहिल्या महायुद्धाच्या आधीपासूनच अशा रायफली करून घेतल्या होत्या. सैनिकाला हातात खऱ्या रायफलीचं वजन आणि बोल्ट मिळावा, पण काडतूस स्वस्त, आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही आणि पंचवीस यार्डांची छोटी रेंज पुरावी, हा हेतू. मॅगझिनची पेटी जागेवर असते, पण आत स्प्रिंग नसते. गोळी एकेक हातानं भरायची, आणि मारून झालेली पुंगळी त्याच रिकाम्या पेटीत पडते. मला ही सोय फार आवडायची. फायरिंग संपल्यावर पेटी उपडी केली की पुंगळ्यांचा हिशेब तिथंच लागायचा.

आमचे उस्ताद मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेले, साताऱ्याकडचे हवालदार. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "गड्या, वरनं ही म्हातारी हाय, पर आतली नळी कवळी हाय. थ्री नॉट थ्रीचा हात हितं चालायचा न्हाई." त्या एका वाक्यात या रायफलीची सगळी निगा आली.

थ्री नॉट थ्रीची गोळी तांब्या-निकेलच्या कवचाची. जुन्या काळच्या तिच्या टोपीतल्या दारूतून क्षार उरायचे, म्हणून फायरिंगनंतर बॅरलमध्ये उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. मग दोरीच्या पुलथ्रूला चिंधी लावून जोर काढून ओढायचं. पॉइंट टू टूचं सगळं वेगळं. गोळी नुसत्या शिशाची, वर मेणाचा किंवा चरबीचा पातळ हात. पेट घेणारं रसायन मधोमध टोपीत नसतं, ते पुंगळीच्या कडेच्या पोकळीत असतं, म्हणून पिन कडेवर आपटते. या गोळीनं आतली नळी झिजत नाही म्हटलं तरी चालेल. झिजते ती माणसाच्या सफाईनं. जाड चिंधी ओढली की ती मधेच अडकते, मग कुणीतरी हातात येईल ती सळई घालतो आणि नळीच्या आतले वळणदार पट्टे खरवडले जातात. पुलथ्रू तिरका ओढला की दोरी तोंडाची कड घासते, आणि तोंडाची कड गेली की रायफल नेमका मारा करणं सोडते. म्हणून बोल्ट काढून मागच्या बाजूनं सळई घालायची, चिंधी लहान घ्यायची आणि एका ओढीत सरळ काढायची. तोंडाच्या त्या दोन वर्तुळांमधली रेषा तेलाच्या बोटानं निराळी पुसायची, कारण पाणी पहिल्यांदा तिथं थांबतं.

बोल्टचे नंबर जुळवणं हा दुसरा नेम. बॉडीवरचा आणि बोल्टवरचा नंबर एकच हवा. सफाईसाठी ओळीनं ठेवलेले बोल्ट एकसारखे दिसतात आणि दुसऱ्या रायफलीत बसतातही. पण मग काडतुसामागं सुटणारी फट बदलते. कॅडेटांना मी बोल्ट रायफलीपासून हातभरसुद्धा लांब ठेवू देत नसे.

एका ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली म्हणून आम्ही सड्यावर फायरिंग घेतलं. तेव्हा मी सांभाळलेल्या त्याच जुन्या रायफलीनं दगा द्यायला सुरुवात केली. ट्रिगर दाबला की टक् असा आवाज, पण बार नाही. अशा वेळी बॅरल टार्गेटकडंच धरून अर्धा मिनिट थांबायचं असतं, कारण गोळी उशिरा पेटू शकते. थांबलो, बोल्ट उघडला, काडतूस तळहातावर घेतलं. कडेवर पिनेची खूण अगदी फिकट होती, नखानं दाबल्यासारखी. शेजारच्या रायफलीच्या पुंगळीवर तीच खूण खोल आणि स्वच्छ. खूण खोल असूनही बार झाला नसता तर दोष काडतुसाचा, कारण त्या कडेत रसायन कधी कधी सगळीकडं सारखं पसरलेलं नसतं. खूण फिकट म्हणजे दोष बोल्टचा. बोल्टचं डोकं फिरवून काढलं. या बदललेल्या बोल्टच्या डोक्यात स्वतःची एक छोटी पिन असते आणि मागची मोठी पिन तिच्यावर आपटते. त्या छोट्या पिनेच्या भोकात तेल आणि काजळी मिळून काळा, चिकट लगदा झाला होता. रॉकेलमध्ये बुडवून, काडीला चिंधी गुंडाळून ते भोक साफ केलं, पिन कोरडी पुसून बसवली. त्यानंतर रायफलीनं एकदाही चुकवलं नाही.

पावसाळ्याच्या भीतीनं आपल्याकडं तेल फार ओततात. तेलाचा पातळ हात गंजाला अडवतो, साचलेलं तेल धूळ धरतं आणि घट्ट होतं. खोबरेल तर नकोच. कोकणात कोयत्याला, ठासणीच्या बंदुकीला सर्रास खोबरेल लावतात. डुकरं-वानरांसाठी शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी मला याबद्दल विचारायचे. खोबरेल काही महिन्यांत चिकटतं आणि भाग जाम करतं. हत्यारासाठी खनिज तेलच हवं. लाकडाला मात्र जवसाचं तेल, तेही हातानं चोळून, पावसाच्या आधी. लाकूड फुगलं की बॅरलला दाबतं आणि मारा सरकतो.

तोंडात तेलाचा बोळा कोंबून रायफल ठेवायची सवयही मी मोडली. बोळा आतली दमट हवा आतच ठेवतो. चामड्याचा किंवा नवारीचा पट्टा घाम आणि मीठ धरून ठेवतो, म्हणून तो काढून वेगळा टांगायचा. रॅक चिऱ्याच्या भिंतीला टेकवायचा नाही. भिंत ओल धरते. खोलीत साधा पिवळा बल्ब दिवसरात्र जळत ठेवला तरी फार फरक पडतो. फायरिंगच्या आधी आतलं तेल कोरड्या चिंधीनं काढायचं, नाहीतर पहिल्या गोळ्या भलतीकडं जातात आणि पोराला वाटतं आपलाच हात वाईट.

आणखी एक गोष्ट मी कटाक्षानं पाळली. नेम धरायचा सराव करताना रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबू द्यायचा नाही. कडेवर मारणारी पिन काडतूस नसलं की चेंबरच्या कडेवर आपटू शकते. तिथं खाच पडली की पुंगळ्या अडकतात. मारलेली पुंगळी आत ठेवून सराव करायचा, दर वेळी थोडी फिरवून.

पॉइंट टू टूला पोरांची बंदूक म्हणणाऱ्यांना मी कोल्हापूरकडं बोट दाखवतो. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणलं. दोघांच्याही रायफलीत हेच कडेवर पेटणारं काडतूस होतं.

दुरुस्ती मात्र आरमररकडंच द्यावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे हत्यार दुरुस्त करायला किंवा त्यात बदल करायला परवाना लागतो, आणि आतली नळी सैल झाली असेल तर ती घरच्या हत्यारांनी बसतही नाही.

कोकणातल्या एनसीसी ऑफिसरांना माझी विनंती आहे. फायरिंग झाल्यावर सफाईचं काम एकट्या उस्तादांवर टाकू नका. ज्यानं गोळी मारली त्याच्याच हातात चिंधी द्या, त्याला बोल्टचं डोकं उघडून दाखवा. आणि जून ते सप्टेंबर, फायरिंग असो वा नसो, आठवड्यातून एकदा कोत उघडून प्रत्येक रायफलीचं तोंड उजेडात बघा.