सीताबर्डी, गांजाचा मक्ता आणि 'कारण' नावाचा रकाना

१/ सीताबर्डी म्हटले की २६ व २७ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते. आप्पासाहेब भोसल्यांची फौज, टेकडीलगतची इंग्रज रेसिडेन्सी आणि नागपूरच्या सत्तेचा फिरलेला काटा. मात्र त्या टेकडीवर जिंकलेल्या सत्तेने पुढे कशाकशावर कर बसवला, ही कथा क्वचितच सांगितली जाते. हा धागा त्यांतल्या एका वस्तूचा : गांजा.

२/ १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनली. या प्रांतात गांजावर बंदी नव्हती. तो आबकारीचा विषय होता. लागवड परवान्याने, तीही निमाड जिल्ह्यातील खंडवा परिसरात. माल देखरेखीखालच्या गोदामात जाई, तेथून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि मग मक्त्याने घेतलेल्या दुकानात.

३/ एकाच झाडाची तीन रूपे. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्याची राळ म्हणजे चरस. चांगल्या गांजासाठी शेतातली नर झाडे वेळीच ओळखून उपटावी लागतात. हे काम जाणकाराचे. असे पीक मोजक्या गावांत एकवटले की त्यावर नजर ठेवणे सोपे जाते.

४/ २ मार्च १८९३. लंडनच्या कॉमन्स सभागृहात मद्यनिषेधाचे पुरस्कर्ते खासदार विल्यम केन यांनी हिंदुस्थानातील गांजाच्या परिणामांचा प्रश्न उपस्थित केला. जुलैमध्ये सात सदस्यांचा आयोग नेमला गेला; अध्यक्ष मॅकवर्थ यंग. तीन सदस्य भारतीय होते. मध्य प्रांतात दीर्घ सेवा केलेले अँड्र्यू फ्रेझर हेही त्यात होते.

५/ आयोगापुढचा सर्वांत गंभीर आरोप असा : गांजामुळे माणसे वेडी होतात. पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे दाखवले जात. मध्य प्रांतात अशी इस्पितळे नागपूर व जबलपूर येथे होती. आकडे सरकारी होते, छापील होते. त्यांवर शंका कोण घेणार?

६/ आयोगाने शंका घेतली. १८९२ सालच्या नोंदी एकेक करून तपासल्या. रुग्णाच्या कागदात 'वेडाचे कारण' असा रकाना असे आणि तो भरणे भाग असे. रुग्णाचा पूर्वेतिहास ठाऊक नसला की पोलीस वा दंडाधिकारी अंदाजाने 'गांजा' लिहीत; पुढे इस्पितळाच्या वहीत तेच उतरे. चौकशी होताच अशा अनेक नोंदी टिकल्या नाहीत.

७/ क्षणभर त्या अनाम रुग्णांचा विचार करावा. ज्याला स्वतःविषयी बोलता येत नव्हते, त्याच्या आयुष्याचा खुलासा एका कारकुनी शब्दात उरकला गेला. वर्षाअखेरीस अशा शब्दांची बेरीज झाली आणि बेरजेला शास्त्राचा मान मिळाला.

८/ १,१९३ साक्षी नोंदवून १८९४ मध्ये अहवाल तयार झाला. निष्कर्ष : बेताच्या सेवनाने सहसा लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवन घातकच आहे, संपूर्ण बंदी समर्थनीय नाही. बंदीमुळे लोक अधिक घातक नशेकडे वळण्याची भीतीही त्यात आहे. दोघा भारतीय सदस्यांनी मात्र असहमतीची टिपणे जोडली.

९/ शिफारशी चार : पुरेसा कर, परवान्याने व एकवटलेली लागवड, दुकानांची मर्यादित संख्या आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा. २०१२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी गांजा कायदेशीर केला; १ जानेवारी २०१४ पासून दुकाने उघडली. तेथेही परवाना, कर, बाळगण्याची मर्यादा, शेतापासून दुकानापर्यंत मालाची नोंद. अहवालानंतर तब्बल १२० वर्षांनी!

१०/ तरी या व्यवस्थेचा गौरव करण्याची घाई नको. चढ्या बोलीने मक्ता घेणारा खप वाढावा असेच म्हणणार, आणि खप आवरण्याची जबाबदारी ज्या सरकारवर, त्याच्याच तिजोरीत ती बोली जाणार. नियंत्रक आणि लाभार्थी एकच असला की लगाम कोणी ओढायचा? हा प्रश्न खंडव्याला होता, तसाच तो कोलोरॅडोलाही आहे.

११/ पुढे वारे फिरले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पारंपरिक सेवन थांबवण्यासाठी २५ वर्षांची मुदत होती. भारताचा अमली पदार्थविरोधी कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. गांजा व चरस गुन्हा ठरले. केवळ पाने, म्हणजे भांग, व्याख्येबाहेर राहिली. आज २० किलोहून अधिक गांजासाठी किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे. त्याच कायद्यातील तरतुदीने धागा व बियांसाठी लागवडीची मुभा देता येते; उत्तराखंडाने २०१८ मध्ये तसा परवाना दिला.

१२/ आज सीताबर्डीत मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांना भेटतात, आणि किल्ला वरून पाहत असतो. गांजा खुला असावा की बंद, यावर मतभेद राहतील, राहावेत. पण १८९३ चा धडा दोन्ही बाजूंसाठी आहे. आकडा समोर आला की आधी विचारावे : हा रकाना कोणी भरला, आणि त्याला खरोखर काय ठाऊक होते?